गाडीचा हिटर गार वारा सोडतो तेव्हा



या पानावर मी आपल्याशी नेहमी बोलतो ते लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि हुमणी यांबद्दल. आज गाडीच्या हिटरवर लेख पाहून ‘साहेबांनी शेतकी खाते सोडून गॅरेज टाकले की काय?’ असे काही जणांना वाटेल. तसे काही नाही. मागच्या एका गळीत हंगामात एका सभासदाच्या जळीत उसाची तोड माझ्या हलगर्जीपणामुळे एक दिवस लांबली, आणि त्या प्रकरणाची सुरुवात आमच्या गट कार्यालयाच्या जीपच्या हिटरपासून झाली होती. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता चारचाकी उभी आहे. मी जी चूक केली ती आपल्या हातून होऊ नये म्हणून सगळे जसे घडले तसे लिहितो.

जानेवारी महिना होता. नदीकाठच्या गावांत त्या दिवसांत पहाटे असे धुके उतरते की बांधावरचा माणूस सरीतून दिसत नाही. रात्री अडीचच्या सुमारास चीटबॉयचा फोन आला. तारांची ठिणगी पडून एका सभासदाचा दोन एकर को ८६०३२ जळाला होता. जळालेला ऊस तसाच उभा राहिला तर काय होते ते आपणांस सांगायला नको. दिवसागणिक वजन उतरते, रसातली साखर फुटत जाते, उतारा खाली येतो. पंचनामा करून पाळी पुढे घेणे आणि जवळची टोळी पहाटे कोयता घालण्याआधी तिकडे वळवणे हे माझे काम. मी आणि ड्रायव्हर तीन वाजता निघालो.

गाव सोडले तशी काचेवर आतून वाफ धरू लागली. ड्रायव्हरने हिटरचे बटण लाल टोकापर्यंत फिरवले, पंखा पूर्ण सोडला. वारा जोरात आला, पण फ्रीजचे दार उघडल्यासारखा गार. हे मला नवे नव्हते. पंधरा दिवसांपूर्वीच तो म्हणाला होता, “साहेब, हिटर गार मारतोय, एकदा दाखवून घेऊ.” तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये दाखवलेही होते. तिथे ‘एसीचा गॅस संपला असेल’ असे म्हणून गॅस भरला आणि पैसे घेतले. हिटर काही तापला नाही. तेव्हा मीच म्हणालो, “राहू दे, आपल्या मुलखात हिटर कशाला लागतो?” ते बोलणे मला पुढे महागात पडले.

ड्रायव्हर एका हाताने फडक्याने काच पुसत गाडी चालवत होता. ओढ्याजवळच्या वळणावर त्याने एकदम ब्रेक दाबला. समोर चार-पाच हातांवर भरलेल्या ट्रॉलीची मागची बाजू! टायर फुटला म्हणून रस्त्यातच उभी केलेली. चाकांना दगड लावले होते, पण मागे रिफ्लेक्टर नाही की दिवा नाही. आम्ही वाचलो. त्या ट्रॉलीवाल्याशी मी नंतर जे बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. मात्र आमची काच स्वच्छ असती तर ती ट्रॉली आम्हांला बरीच आधी दिसली असती, हेही तितकेच खरे.

तिथून पाच-सहा किलोमीटर गेलो असू. इंजिनच्या उष्णतेचा काटा (आपला वजनकाटा नव्हे, डॅशबोर्डावरचा) आतापर्यंत मध्यावर होता, तो खाली आला. मला वाटले, थंडी आहे, इंजिन गार असेल. पाचच मिनिटांत बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली आणि गाडी आचके देऊन थांबली. हेड गॅस्केट गेले होते. दुसरी गाडी मिळून फडावर पोहोचायला सकाळचे साडेनऊ वाजले. तोवर टोळीने दुसऱ्या फडात कोयता घातला होता. निम्मी तोड झालेला फड सोडून उठायला मुकादम तयार होईना, आणि त्याचेही बरोबर होते. जळीत उसाला कोयता लागला तो दुसऱ्या दिवशी. सभासद वयाने मोठे, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही येताय म्हणून मी रातभर बांधावर बसून होतो.”

जीपच्या दुरुस्तीचे बिल किती झाले ते येथे लिहीत नाही. वार्षिक सभेत कोणी विचारलेच तर सांगेन.

कारखान्याच्या वाहन विभागातल्या मिस्त्रींनी इंजिन उघडले आणि मला बोलावून घेतले. म्हणाले, “साहेब, गाडी पंधरा दिवस ओरडून सांगत होती, पाणी कमी हाय म्हणून. तुम्ही गॅस भरला.” मग त्यांनी मला उभे करून जे शिकवले ते पुढे देतो. माझी पदविका शेतीची आहे, त्यामुळे मला समजले तशा भाषेत सांगतो.

डिझेल किंवा पेट्रोलवरच्या गाडीत हिटर म्हणून वेगळी शेगडी नसते. इंजिनात जे इंधन जळते त्याच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा चाके फिरवायला लागतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनभोवती खेळणाऱ्या पाण्यातून निघून जाते. त्या पाण्यातली थोडी उष्णता वळवून घेतली की झाला हिटर. आपल्या कारखान्यात टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ रस आटवायला घेतात, तोच हिशेब. इंजिनमागच्या पत्र्यातून दोन रबरी पाइप केबिनमध्ये जातात, आणि डॅशबोर्डाच्या पोटात जाड वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. त्यातून गरम पाणी फिरते, पंखा त्यावरून वारा ढकलतो. म्हणून हिटर लावल्याने एसीसारखे इंधन जळत नाही, आणि हिटरचा एसीच्या गॅसशी काडीचा संबंध नाही. (विजेवरच्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांत इंजिनच नाही, त्यामुळे हिटर विजेवर चालतो. त्या गाडीला हा लेख लागू नाही.)

आता वारा गार का येतो? एक तर गरम पाणी त्या छोट्या रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही, नाहीतर पाणीच गरम होत नाही, किंवा पाणी गरम आहे पण वारा त्याला भेटत नाही. आमच्या जीपमध्ये पहिला प्रकार होता आणि तोच सर्वांत जास्त आढळतो.

पाटाला पाणी कमी आले की आधी कोरडा कोण पडतो? टेलचा शेतकरी, त्यातही ज्याचे रान उंचावर आहे तो. हिटर हा गाडीच्या पाण्याच्या वाटेवरचा असाच टेलचा आणि उंचावरचा खातेदार आहे. दीड-दोन लिटर पाणी कमी झाले तरी इंजिनाला कसेबसे पुरते, पण हिटरमध्ये पाण्याऐवजी हवा जाते. म्हणून हिटर गार पडणे ही पुष्कळदा इंजिन तापण्याच्या आधीची सूचना असते. आणि काटा खाली का आला होता? उष्णता मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरे सांगतो. पाणी त्याच्या खाली गेले की तो हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा कमी दाखवू शकतो. मी त्या काट्यावर विश्वास ठेवला. हिटर गार आणि काटा एकदम खाली, असे दोन्ही चालत्या गाडीत दिसले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

तेव्हा पहिली तपासणी पाण्याची, तीही सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. बॉनेट उघडून प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या दोन रेघांमध्ये पाणी आहे का पाहावे, आणि रेडिएटरला टोपण असेल तर ते काढून वरपर्यंत भरले आहे का तेही पाहावे. टाकी भरलेली पण रेडिएटर रिकामा, असेही असते. गरम इंजिनाचे टोपण कोणत्याही कारणाने उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केले की दाब सुटतो, त्याच क्षणी ते उकळून तोंडावर येते. घाईत टोपण उघडून तोंड आणि हात भाजून घेतलेली माणसे आपल्याच भागात आहेत.

नुसते पाणी भरून काम संपत नाही, ते गेले कुठे हे शोधावे लागते. आमच्या जीपच्या खालच्या पाइपाची क्लिप सैल होती, थेंब थेंब गळत होते. रात्री उभी राहायची ती जागा मातीची, म्हणून डाग दिसला नाही. गाडीखाली एक रात्र पुठ्ठा टाकून ठेवावा, सकाळी कळते. पाण्याच्या पंपाखाली ओल दिसते का पाहावे. डाव्या सीटपुढची चटई ओली, काचेवर चिकट वाफ आणि आत गोडसर वास, असे असेल तर केबिनमधला छोटा रेडिएटरच गळतो आहे. आणि बाहेर कुठेच गळत नाही तरी पाणी कमी होते, टाकीत सारखे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ निघते, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी चांगल्या मिस्त्रीकडे न्यावी. ते घरी करण्याचे काम नाही.

पाणी पुन्हा भरले तरी हिटर गारच राहतो, तेव्हा त्याने हवा धरलेली असते. हे आपल्याला समजावून सांगायला नकोच. फूटव्हॉल्व्ह गळून मोटारीने हवा धरली की मोटार फिरते पण पाणी उचलत नाही, आणि पाइपलाइनच्या उंचवट्यावर एअरव्हॉल्व्ह नसेल तर काय तमाशा होतो ते आपण दरवर्षी पाहतो. इथेही तसेच. गाडीचे तोंड चढाला करून उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. गार इंजिनात टोपण काढून पाणी भरावे, हिटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवावे आणि इंजिन संथ चालू द्यावे. बुडबुडे येत राहतात, पातळी खाली जाते, तसतसे भरत राहावे. पाणी तापून फुगू लागण्याआधी टोपण लावून घ्यावे. काही गाड्यांना हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू असतो, तो पुस्तिकेत पाहावा.

पाणी पुरेसे आहे आणि तरी वारा गार, तर मिस्त्रींची दोन पाइपांची परीक्षा करावी. मला ती फार आवडली, कारण तिला हत्यार लागत नाही. वीस मिनिटे गाडी चालवून आणावी, हिटर गरमवर ठेवावा, मग इंजिन बंद करून केबिनमध्ये जाणाऱ्या त्या दोन रबरी पाइपांना जपून, जाड कापडावरून हात लावून पाहावा. पंख्याजवळ आणि पट्ट्याजवळ हात नेऊ नये. दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर पाणी आपले काम करते आहे. दोष डॅशबोर्डातल्या झडपेचा आहे. गरम आणि गार वाऱ्याची वाट बदलणारी ही झडप जुन्या गाड्यांत तारेने ओढली जाते, नव्या गाड्यांत छोट्या मोटारीने फिरते. तार निसटणे ही अगदी किरकोळ दुरुस्ती आहे. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल तर छोटा रेडिएटर तुंबला आहे, किंवा वाटेत पाण्याची तोटी असेल तर ती उघडत नाही. दोन्ही पाइप कोमट असतील तर पाणी पुन्हा तपासावे, मग पंप आणि थर्मोस्टॅट.

या थर्मोस्टॅटबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आपल्या ट्रॅक्टरांतही असतो आणि त्याच्यावर आपल्याकडे फार अन्याय होतो. हा पाण्याच्या वाटेवरचा दारवान आहे. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर गेले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. तो उघडा राहून अडकला तर पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहते. लांबच्या रस्त्याला, वेगात असताना काटा वर चढतच नाही आणि हिटर कोमट राहतो. गाडी उभी केली की मात्र थोडा तापतो. ही खूण लक्षात ठेवावी. नवा थर्मोस्टॅट ही महागडी वस्तू नाही. पण आपल्याकडे गाडी किंवा ट्रॅक्टर तापतो असे म्हटले की काही मिस्त्री तो काढूनच टाकतात आणि ‘आता कधी गरम होणार नाही’ असे छातीठोकपणे सांगतात. इंजिन कायम गार चालले तर डिझेल नीट जळत नाही, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, झीज वाढते आणि डिझेलही जास्त लागते. ट्रॅक्टर खरोखर तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट आणि कुसळ झाडून पाहा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत दहा वेळांपैकी निदान पाच वेळा दुखणे तिथेच निघते, असा माझा अनुभव आहे.

तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा आपणच असतो. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओततो. त्या पाण्यातला क्षार ड्रिपच्या नळीत काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे, आणि रस आटवण्याच्या नळ्यांत पापुद्रा धरला की कारखाना बंद ठेवून तो काढावा लागतो. हिटरच्या बारीक नळ्यांत तेच होते. म्हणून कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी, म्हणजे बॅटरीत घालतो ते, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात घालावे; पुष्कळ गाड्यांना ते निम्मे-निम्मे असते. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?’ हा प्रश्न मीही विचारला होता. ते गंज धरू देत नाही आणि उकळण्याचा बिंदू वाढवते, हा आपल्याकडचा उपयोग. हिवाळ्यात गाडी घेऊन हिमाचल-काश्मीरला जाणाऱ्यांना तर ते हवेच, कारण साधे पाणी गोठून फुगते आणि इंजिनाला तडा जातो. बहुतेक कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, कुत्र्या-वासरांनी चाटले तर जिवावर बेतते. लहान मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये.

काचेवरच्या वाफेचे एक राहिले. हिटर चालू करून वारा काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत घेण्याचे बटण लावावे. आतलीच हवा फिरवत ठेवली तर श्वासाची वाफ काचेवर धरतच राहते. सोबत एसी लावला तर हवा कोरडी होऊन काच लवकर सुटते. त्या रात्री हे आम्हांला माहीत असते तरी फडक्याचे काम वाचले असते.

आणखी एक, हे जास्त महत्त्वाचे. केनयार्डात पाळीची वाट पाहताना थंडीत काही ड्रायव्हर काचा बंद करून, इंजिन आणि हिटर चालू ठेवून गाडीतच झोपतात. सायलेन्सर कुठे फुटका असेल तर जळालेला वायू केबिनमध्ये येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. घोंगडी पांघरा, पण इंजिन बंद करून झोपा. आपल्या वाहनावरच्या माणसाला हे आपण स्वतः सांगावे अशी विनंती आहे.

हे सगळे मी गटातल्या एक-दोन बैठकांत तोंडी सांगितल्यावर काही सभासदांनी आपापल्या गाड्या दाखवल्या. एकाचे दोन्ही पाइप कढत होते. झडपेची तार निसटलेली निघाली, पाच मिनिटांत काम झाले. एका काकांच्या गाडीचा मात्र एक पाइप गरम आणि एक अगदी गार. मी विचारले, “काका, बोअरचं पाणी घालता का?” ते म्हणाले, “न्हाई वो, कूलंटच घालतोय. मधी रेडिएटर जरा पाझरत हुता, तवा चार चमचे हळद टाकली हुती. गळती थांबली.” हळदीने बारीक गळती काही दिवस थांबते हे खरे, पण ती हळद जाते कुठे? मिस्त्रींनी गार इंजिनाचे दोन्ही पाइप सोडवले, जुने कूलंट डब्यात काढून घेतले आणि ड्रिपची नळी धुतो तसे उलट्या बाजूने, अगदी कमी दाबाने पाणी सोडले. जोर लावला तर आतल्या नळ्या फुटतात. आधी काही आले नाही. मग थोडे गढूळ आले, आणि त्यानंतर जे घट्ट पिवळे पाणी बाहेर पडू लागले ते पाहून काकांच्या सौभाग्यवती ओसरीवरून म्हणाल्या, “आगं बया, ही तर माझ्या डब्यातली हळद!”